दोन मेणं एकत्र केली तर गाडी जास्त चमकेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडद निळी सेडान, पाच वर्षं जुनी, गाडी नाशिकला. घरात कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं मेण) पेस्ट वॅक्सचा एक डबा आहे आणि सिंथेटिक सीलंटची, म्हणजे रंगाला धरून बसणाऱ्या कृत्रिम संरक्षक द्रवाची, एक बाटली. मित्र म्हणतो, दोन्ही निम्मं-निम्मं कालवून लाव, कार्नोबाची चकाकीही मिळेल आणि सीलंटचा टिकाऊपणाही. शिवाय मधमाशीचं मेण आणि खोबरेल तेल वितळवून घरच्या घरी कार वॅक्स करायची एक कृतीही हाताशी आली आहे. तर कालवावं, थरावर थर द्यावा, की घरीच डबा बनवावा?

आधी सरळ उत्तर देतो. डबा आणि बाटली कालवू नका. थरावर थर देता येतो, पण क्रम चुकला तर काही उपयोग नाही. घरी मेण बनवून बघायला हरकत नाही, मजा येते आणि शिकायलाही मिळतं, फक्त खोबरेल तेलाची कृती सोडून द्या. आणि चकाकीचं म्हणाल, तर तुमच्या गाडीची चकाकी मेणाच्या डब्यात नाहीच. ती मेण लावायच्या आधीच्या चार-पाच तासांत आहे. मिश्रण बदललं की मेणाची वागणूक बदलते: किती वेळात सुकतं, पुसायला जड जातं का, उन्हात मऊ पडतं का, पाणी कसं पळवतं. हे फरक खरे आहेत आणि त्यासाठी मिश्रणं करून बघण्यात अर्थ आहे. आरशासारखा रंग मात्र मिश्रणातून निघत नाही.

हे असं का, ते जरा खोलात सांगतो, कारण आमच्या, गाड्या पॉलिश करायच्या धंद्यात सगळ्यात जास्त थापा इथेच मारल्या जातात.

आजच्या गाडीवर सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. कंपनीतून आलेल्या रंगाची सगळी मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५०. पुसून झाल्यावर राहणारा मेणाचा थर एका मायक्रॉनच्याही बराच खाली असतो. एवढ्याशा थराने प्रकाशात काय उलथापालथ होणार? त्यात क्लिअरकोटचा वक्रीभवनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा, १.५ च्या आसपास आणि कार्नोबाचा १.४५ च्या आसपास. म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने दोघं जवळजवळ सारखेच. पृष्ठभाग मुळात सपाट आणि स्वच्छ असेल, तर वर मेण आहे की नाही हे डोळ्याला कळायचं कारणच नाही.

मग मेण लावल्यावर गाडी खुलते ती कशी? ह्याच आकड्यांमुळे. दुपारी गाडी उन्हात लावा आणि बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथे बघा. त्याभोवती बारीक गोल ओरखड्यांची वर्तुळं दिसतील. वॉशिंग सेंटरच्या मळक्या फडक्याची ती देणगी. प्रत्येक ओरखड्याच्या कडेवर प्रकाश विखुरतो, त्यामुळे गडद रंग करडा, धुरकट दिसतो. मेण आणि त्यातलं तेल त्या खाचांत भरतं. भरलेला पदार्थ आणि क्लिअरकोट यांचा वक्रीभवनांक जवळचा असल्याने प्रकाशाला खाच जाणवेनाशी होते आणि रंग गडद, ओला दिसू लागतो. मेण जितकं तेलकट तितका हा परिणाम जास्त, आणि तेल जितकं जास्त तितका तो लवकर जातो. दोन-तीन धुण्यांत ओरखडे परत जागेवर. टॅक्सीवाले डिझेलच्या फडक्याने गाडी पुसून चमकवतात तेही हेच तत्त्व. संध्याकाळपर्यंत त्या डिझेलवर अख्ख्या रस्त्याची धूळ बसलेली असते आणि दाराच्या रबराचं नुकसान होतं ते वेगळं.

म्हणून ज्याला चकाकी हवी त्याने ओरखडे भरण्याऐवजी काढावेत. गाडी दोन बादल्यांनी धुवा, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायची. मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर वंगण-पाणी मारून हलक्या हाताने फिरवा. त्यानंतर ड्युअल अॅक्शन पॉलिशरवर (फिरता फिरता डोलणारं पॉलिशचं मशीन) मऊ फोम पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश. मशीन नसेल तर हाताने दर पॅनेलला वेळ देऊन करा. सगळे ओरखडे जाणार नाहीत, निम्मे गेले तरी फरक दिसतो. क्लिअरकोट एकदाच मिळतो हे लक्षात ठेवून जाड कंपाउंडला, म्हणजे भरड कणांच्या पॉलिशला, हात लावू नका. "रबिंग करून देतो साहेब" म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठलं कंपाउंड वापरणार आणि रंगाची जाडी मोजणार का. उत्तर न देता तो हसला तर गाडी घरी घेऊन या.

ह्या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो महाराष्ट्रात अजून रस्त्यावर दिसतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, जुनी अँबेसेडर, अशा गाड्यांवर क्लिअरकोट नव्हता, रंगच सगळ्यात वर. असा रंग उन्हाने कोरडा पडतो, वरचा थर खडूसारखा निघू लागतो. त्याला तेलकट मेण लावलं की तो ते खरोखर पितो आणि रंगाची खोली परत येते. तिथे मिश्रणाने दिसण्यात फरक पडतो आणि चांगला पडतो. मेणाबद्दलच्या बऱ्याचशा दंतकथा त्याच काळातल्या रंगावरून आलेल्या आहेत आणि आजच्या क्लिअरकोटला तशाच चिकटवल्या जातात. आपली गाडी कुठल्या प्रकारची हे बघायला सोपी युक्ती आहे. कोपऱ्यात, दाराच्या आतल्या कडेवर, पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअरकोट नाही. तुमच्या पाच वर्षांच्या मेटॅलिक निळ्यावर तो आहेच.

आता डब्याकडे येऊ. तुम्ही ज्याला शुद्ध कार्नोबा समजता तो डबा आधीच मिश्रण आहे. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या भागातल्या, सिआरा, पिआउई वगैरे राज्यांतल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ते स्वतःसाठी करतं. पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि पडलेली भुकटी वितळवून गाळतात. कोवळ्या पानांचं मेण फिकट पिवळं, ते वरच्या प्रतीचं; जून पानांचं तपकिरी-काळपट. १९३५ साली अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन छोट्या जलविमानाने अमेरिकेतल्या रसीन गावाहून थेट ब्राझीलमधल्या फोर्तालेझापर्यंत गेले होते ते ह्याच झाडासाठी. त्याचे तुकडे हातात घेऊन बघा. नखाने ओरखडा उठत नाही आणि दोन बोटांत दाबलं की कट्कन मोडतात. हे असंच्या असं गाडीला लावता येणं शक्यच नाही. म्हणून डब्यात कार्नोबासोबत मऊ मेण, तेल किंवा सिलिकॉन आणि भरपूर विरघळवणारं द्रव्य असतं. "१०० टक्के कार्नोबा" असं झाकणावर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ फार तर एवढाच, की त्यातलं जे काही मेण आहे ते सगळं कार्नोबाचं. बाकीच्या ऐवजाबद्दल झाकण गप्प असतं.

मेणांची मिश्रणं का करतात हे त्यांच्या वितळणबिंदूंवरून चटकन कळतं. कार्नोबा ८२ ते ८६ अंश सेल्सिअस. मेक्सिकोकडचं कँडेलिला ७० च्या आसपास. मधमाशीचं मेण ६२ ते ६४. मेणबत्तीचं पॅराफिन त्याहूनही खाली, साधारण ५० ते ६०. आता मे महिन्यात दुपारी उघड्यावर लावलेल्या काळ्या गाडीचं बोनेट आठवा. ते ७० अंशांच्या घरात जातं, त्यावर हात ठेववत नाही. मधमाशीच्या मेणाचा भरणा असलेलं वॅक्स तिथे पातळ होतं, निदान चिकट तरी, आणि त्यावर धूळ रुतते. संध्याकाळी गाडी पुसायला गेलात की ती धूळ मेणासकट घासली जाते आणि नवे ओरखडे पडतात. नागपूर-अकोल्याकडच्या गाड्यांना म्हणूनच मी मऊ मेण सुचवत नाही. उलट नुसता कार्नोबा जास्त झाला तर लावताना पॅड अडकतो, थर जाड-पातळ होतो आणि पुसताना ढग राहतात.

इथे मेणं एक सोय करून देतात. मऊ मेणात थोडासा कार्नोबा घातला तरी त्याचा कठीणपणा आणि वितळणबिंदू चांगलाच वर चढतो. कार्नोबात थोडं मऊ मेण घातलं तर ठिसूळपणा कमी होतो, पण वितळणबिंदू त्या प्रमाणात खाली येत नाही. म्हणजे कार्नोबा मुख्य आणि मधमाशीचं मेण त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, ह्या हिशेबात दोघांचे गुण बऱ्यापैकी मिळतात.

मित्राच्या सल्ल्याचं काय? सीलंट हे मेण नाही. त्यात बहुतेक वेळा सिलिकॉनची अशी साखळी असते जी रंगाच्या पृष्ठभागाला धरून बसते आणि काही तासांत पक्की होते. तिला उघडा, तेलमुक्त रंग लागतो. तुम्ही तिला कार्नोबात कालवलीत की ती रंगापर्यंत पोहोचायच्या आधी मेण आणि तेल मधे येतं. थोडी जागा ह्याने धरली, थोडी त्याने, आणि दोन्ही अर्धवट. सीलंट पाण्यातलं असेल, दुधासारखं पांढरं, तर गोष्ट त्याहून लवकर बिघडते. पेस्ट वॅक्समधलं द्रव्य आणि पाणी वेगळं होतं, कालवलेलं फाटतं, पॅडवर गोळ्या येतात. बाजारात कार्नोबा आणि पॉलिमर एकत्र असलेली उत्पादनं मिळतात हे खरं. पण ती जमवायला रसायनतज्ज्ञांनी पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवणारे इमल्सिफायर आणि प्रमाणं ठरवलेली असतात. चमच्याने ढवळून ते होत नाही.

सिरॅमिक कोटिंगच्या (रंगावर बसणारा काचेसारखा कडक थर) बाबतीत तर हे आणखी कडक आहे. मेणावर सिरॅमिक लावलं तर ते धरणारच नाही. खाली सिरॅमिक आणि वर हौस म्हणून मेण, हे चालतं.

थर द्यायचा असेल तर क्रम असा: आधी सीलंट, मग मेण. रंग साफ आणि पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून, साधारण १५ ते २५ टक्के, मायक्रोफायबरने पुसून घ्या म्हणजे पॉलिशचं तेल निघून जातं. सीलंट लावा, पुसा आणि गाडी १२ ते २४ तास झाकलेल्या जागी कोरडी ठेवा. डब्यावर वेळ दिली असेल तर ती पाळा. मग वर पेस्ट वॅक्सचा अगदी पातळ हात. टिकाव सीलंट देईल आणि वरचं मेण झिजलं तरी खालचा थर शाबूत राहील. पॅडवर मेण दिसता कामा नये, नुसती वाफ धरल्यासारखी छटा पॅनेलवर उमटावी, एवढं पातळ.

मेणावर पुन्हा तेच मेण, पुन्हा तेच, असे सात-आठ हात देणारे लोक असतात. दुसरा हात द्या, कारण पहिल्यात कुठे ना कुठे जागा सुटलेली असते. पुढच्या हातांनी काही जमत नाही, कारण नव्या मेणातलं द्रव्य जुन्या थराला सैल करतं आणि पुसताना दोन्ही फडक्यावर येतात. आणि एक तपासून घ्या: वॅक्सच्या नावाखाली "क्लीनर वॅक्स" तर घेतलं नाही ना? त्यात बारीक घासणारे कण असतात. ते वरून लावलंत तर खालचं सीलंट तुम्हीच खरवडून काढाल.

आता घरी मेण बनवणं. मला हे काम आवडतं, लपवत नाही. १०० ग्रॅमचा एक डबा करायचा तर सुरुवातीला मी हे प्रमाण धरायला सांगतो: कार्नोबा १२ ग्रॅम, मधमाशीचं मेण ८ ग्रॅम, मिनरल टर्पेंटाइन ७७ ग्रॅम, सिलिकॉन तेल ३ ग्रॅम. टर्पेंटाइन म्हणजे रंगाच्या दुकानात मिळतं ते एमटीओ, आणि सिलिकॉन तेल ३५० सेंटिस्टोकचं (हे दाटपणाचं माप). स्वयंपाकघरातला वजनकाटा चालत नाही, एक ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा सोनारी छोटा काटा घ्या. तीन ग्रॅमच्या तेलात एक ग्रॅम इकडे-तिकडे झालं तर अख्ख्या डब्याचा स्वभाव बदलतो.

धोका कुठे आहे ते आधी वाचा आणि मगच पुढे जा. एमटीओची वाफ साधारण ४० अंशांनाच ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि आपण तर तिला ८० अंशांहून गरम मेणात ओतणार आहोत. त्यामुळे गॅसची शेगडी नको, इंडक्शन किंवा हॉटप्लेटही त्या क्षणी बंद हवी. काम गच्चीत किंवा अंगणात, मुलं आणि विडी-सिगारेट दूर, हाताशी ओला पोतेरा आणि घट्ट झाकण. स्वयंपाकघरात करणार असाल तर करू नका.

पाणी उकळून मोठ्या पातेल्यात घ्या, त्यात स्टीलचं छोटं भांडं ठेवा, त्यात आधी कार्नोबा. तो वितळायला वेळ घेतो, कारण उकळतं पाणी त्याच्या वितळणबिंदूच्या जेमतेम वर असतं. पाणी निवलं तर बदला. कार्नोबा पूर्ण पारदर्शक झाला की मधमाशीचं मेण. दुसरीकडे एमटीओ आणि सिलिकॉन तेल एका बाटलीत एकत्र करून ती बाटली झाकण सैल ठेवून गरम पाण्यात उभी करा. ही पायरी लोक गाळतात. थंड द्रव्य गरम मेणात पडलं की मेणाचे कण तिथल्या तिथे गोठतात आणि मग कितीही ढवळा, डब्यात रवाळपणा राहतो. पॅनेलवर तो बोटाला वाळूसारखा लागतो. वीज बंद, आच नाही, ह्याची खात्री करून कोमट द्रव्य बारीक धारेने घाला आणि लाकडी काडीने सावकाश ढवळा.

निववण्याचे दोन मार्ग आहेत आणि एकाच मिश्रणाचे त्यातून दोन वेगळे पदार्थ निघतात. ढवळत ढवळत थंड होऊ दिलं तर थिजलेल्या तुपासारखी मऊ पेस्ट होते, बोटाने उचलता येते. पातळ असतानाच पत्र्याच्या डबीत ओतून रात्रभर हलवलं नाही, तर घट्ट वडी बसते आणि पॅड तिच्यावर फिरवून मेण घ्यावं लागतं. मला वडी बरी वाटते, कारण पॅड आपोआप कमी मेण उचलतो. साठवायला पत्र्याची किंवा काचेची डबी घ्या; साधं पातळ प्लॅस्टिक एमटीओने मऊ पडू शकतं. डबीवर प्रमाण आणि तारीख लिहा, नाहीतर महिन्याभराने तुमचं तुम्हालाच कळणार नाही कुठली कोणती.

मऊ झालं तर पुढच्या खेपेला कार्नोबा दोन ग्रॅम वाढवा आणि तेवढं एमटीओ कमी करा. पुसताना जड जात असेल तर मधमाशीचं मेण थोडं वाढवा किंवा सिलिकॉन एक ग्रॅम. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर फरक कशाने पडला ते सांगता येत नाही, आणि प्रयोगाचा सगळा मुद्दाच तो आहे.

खोबरेल तेल का नको? ते उडून जात नाही आणि वाळतही नाही. २४ अंशांच्या खाली गोठतं, वर पातळ होतं, म्हणजे महाराष्ट्रात वर्षातला बराचसा काळ ते गाडीवर नुसतं तेल म्हणूनच राहणार. पहिल्या दिवशी गाडी छान ओली दिसते, तिसऱ्या दिवशी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. जवसाचं तेल त्याच्या उलट: ते हवेत वाळून कडक होतं, पिवळं पडतं आणि मग निघता निघत नाही. त्याहून महत्त्वाचं, जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. लाकूडकामवाल्यांना हे माहीत असतं, गाडीवाल्यांना नसतं. एमटीओऐवजी एनसी थिनर (रंग विरघळवणारं जहाल द्रव्य) वापरायचा विचारही नको, तो दुरुस्तीत रंगवलेल्या पॅनेलचा रंग आणि प्लॅस्टिकचे भाग मऊ करू शकतो.

डबी तयार झाली की तुलना प्रामाणिकपणे करा. बोनेट एकसारखं पॉलिश करून, अल्कोहोलने पुसून, मास्किंग टेपने चार भाग पाडा. एक रिकामा ठेवा, एकावर विकतचा कार्नोबा, एकावर सीलंट, एकावर तुमचं मिश्रण. कुठे काय लावलं हे कागदावर लिहून घरातल्या कुणाकडे तरी द्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणालातरी विचारा, कुठला भाग जास्त चमकतो. माझा अनुभव असा, की रंग नीट पॉलिश केलेला असेल तर लोक रिकामा भागसुद्धा निवडतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर तर अंदाजच चालतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र भाग वेगळे वागायला लागतात आणि बघायचं ते तेच.

लावल्यावर बोट हलकेच ओढून बघा. रेघ स्वच्छ उमटली आणि मेण पसरलं नाही, तर पुसायला तयार. हा वेळ प्रत्येक मिश्रणाचा वेगळा असतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तो बराच लांबतो. मग धूळ: एक दिवस गाडी बाहेर ठेवा आणि सकाळी तिरक्या उन्हात चारही भाग बघा, सिलिकॉन जास्त झालेला भाग लगेच कळेल. मग पाणी. बादलीने ओता आणि नुसते थेंब मोजू नका, पाणी किती लवकर घरंगळून जातं ते बघा.

ह्या थेंबांबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. गोल गरगरीत थेंब दिसले की लोक खूश होतात, फोटो काढतात. पण सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर हेच थेंब शत्रू आहेत. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. उंच थेंब उन्हात आटतो तेव्हा सगळा क्षार एका बिंदूवर जमतो आणि पांढरी कडी उमटते. वेळेत नाही काढली तर ती क्लिअरकोटमध्ये खाते. अशा ठिकाणी मेण किंवा सीलंट लावल्यावर गाडी धुऊन तशीच सोडू नका. सावलीत धुवा, लगेच मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घ्या. कडी उमटलीच असेल तर पातळ केलेलं व्हिनेगर थोडा वेळ लावून पाण्याने धुतलं की ताजा क्षार बहुधा निघतो, आणि मग तिथलं मेण पुन्हा लावावं लागतं. कोकणात ही कटकट कमी, तिथली अडचण वेगळी: चार महिने पाऊस मेणाला टिकू देत नाही. रत्नागिरीची गाडी असती तर मी जूनच्या आधी सीलंट लावून मेणाचा नाद ऑक्टोबरपर्यंत सोडायला सांगितलं असतं.

तुमच्या गाडीसाठी मी काय करीन? नाशिकला उन्हाळा कडक, हिवाळा बऱ्यापैकी थंड, रंग गडद. दिवाळीनंतर एकदा पॉलिश, त्यावर तुमच्या बाटलीतलं सीलंट, दुसऱ्या दिवशी तुमच्या डब्यातला कार्नोबा. मार्चमध्ये मेणाचा एक हात, सावलीत. घरच्या मिश्रणाचा प्रयोग बोनेटवरच्या पट्टीवर किंवा डिकीच्या झाकणावर करा, अख्ख्या गाडीवर पहिल्याच खेपेला नको. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना आधी टेप लावा. कार्नोबा त्यांच्या खरबरीत पृष्ठभागात बसला की पांढरा दिसतो आणि काढताना दात घासायचा ब्रश घेऊन बसावं लागतं. मॅट रंगाच्या गाडीला मेण कधीच नाही, जागोजागी चकचकीत डाग पडतात.

आणि सिलिकॉनबद्दल शेवटचं, कारण मी ते कृतीत घातलंय. गाडी रंगवणाऱ्याला सिलिकॉनचा राग असतो आणि तो रास्त आहे. पॅनेलवर त्याचा अंश राहिला तर नवा रंग तिथून मागे सरकतो आणि गोल खड्डे पडतात, पेंटर त्याला फिश आय म्हणतात. उडालेले तुषार शेजारच्या गाडीचंही काम बिघडवू शकतात, म्हणून गॅरेजमध्ये रंगकाम चालू असताना बाजूला सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. पुढे कधी डेंट काढून पॅनेल रंगवायची वेळ आली, तर पेंटरला आधीच सांगा की गाडीवर सीलंट आणि सिलिकॉन असलेलं मेण आहे. तो घासायच्या आधी वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हरने दोनदा पुसेल, दर वेळी नवं फडकं घेऊन. रंगवून आल्यावर त्या पॅनेलला निदान महिनाभर मेण लावू नका, आतलं द्रव्य उडून जायला तेवढा वेळ लागतो. पेंटरने जास्त दिवस सांगितले तर तेवढे दिवस थांबा.